विचारून घालवलेला ओटा

मी परवानगी मागितली. एवढंच केलं.

कुणी मागायला सांगितली नव्हती, कुणाची तक्रार नव्हती, कुणाच्या वाटेत काही येत नव्हतं. जर्मनीत, थुरिंगिया राज्यातल्या येना गावाच्या कडेला, टेकड्यांच्या पायथ्याशी, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या लांबलचक इमारती आहेत. त्यांतल्या एकीत मी राहतो. आमच्या दाराशी एक ओटा होता. बरीच वर्षं सुखाने होता. आणि मी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला, मेल लिहून नम्रपणे विचारलं, की हा ओटा इथे असलेला चालेल ना? सोबत फोटो जोडले. मोजमापांचं चित्र जोडलं. चित्रात टॉलरन्ससुद्धा दिले, म्हणजे कुठलं माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते. मी भिंगं तपासणारा माणूस आहे, आणि टॉलरन्सशिवाय चित्र पाठवणं म्हणजे आमच्यात पायजम्याशिवाय बाहेर पडण्यासारखं आहे.

ओटा माझा नव्हता. ज्यांचा होता ते तळमजल्यावर राहायचे. आफ्रिकेतल्या दार-ए-सलामचे आर्किटेक्ट. सत्तरी ओलांडलेली, उंची दरवाजाला शोभेल अशी, डोक्यावर भरतकामाची पांढरी गोल टोपी आणि थंडीत तिच्यावर लोकरीची दुसरी. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खालची माझी. वरची थुरिंगियाची."

मी त्यांना म्झे म्हणायचो. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात, आपण अण्णा म्हणतो तसं. ते मला फुंडी म्हणायचे. फुंडी म्हणजे कारागीर, असं त्यांनीच सांगितलं होतं. मला फार बरं वाटलं होतं. डॉक्टरेट केल्यापासून माझ्या हातांबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. पुढे कळलं, की शिंप्याला, सायकल दुरुस्त करणाऱ्याला आणि नळ गळतोय म्हणून येऊन नळच काढून ठेवणाऱ्यालाही तिकडे फुंडीच म्हणतात.

आमची ओळख मी घाबरल्यामुळे एक दिवस उशिरा झाली. मी नुकताच राहायला आलो होतो. बायको न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत आयटीत. ती शुक्रवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. मधले दिवस मी आणि फ्रीज. अशाच एका मधल्या दिवशी दाराबाहेरून भारदस्त आवाज आला, "होडी!"

मी जागचा हललो नाही. पुन्हा, "होडी!"

जर्मनीत जिन्यातून मराठी ऐकू यायला लागलं म्हणजे एकटेपणा डोक्यात गेला, असं वाटून मी बायकोला फोन लावला.

"बेल वाजली का?" ती म्हणाली.

"नाही. दाराबाहेर कोणीतरी होडी म्हणतंय."

"जेवलायस का तू?"

तिसऱ्यांदा होडी झाली आणि पावलं खाली उतरून गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी उलगडा केला. त्यांच्याकडे कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्याबाहेर उभं राहून होडी म्हणायचं. तीनदा. उत्तर आलं नाही तर राग न धरता परत फिरायचं. "बेल म्हणजे हुकूम," ते म्हणाले. "होडी म्हणजे विचारणं. माणसाला आवाजानं विचारावं. मग त्याला नाही म्हणता येतं."

आदल्या दिवशी ते कशासाठी आले होते? तर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बघायला. ती त्यांच्या खिडकीएवढीच आहे का, की वरच्या मजल्यांना मोठी दिली आहे. ते आले, बघितली, हाताच्या वितीने मोजली आणि निराश झाले. "गेनाऊ. अगदी तीच. तीच ती छोटी खिडकी."

त्या खिडकीशी त्यांचं जुनं भांडण होतं. तरुणपणी ते झांझिबार बेटावर होते तेव्हा पूर्व जर्मनीतल्या इंजिनियरांनी तिथे थेट अशाच इमारती बांधल्या होत्या. म्झे तेव्हा त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचे. त्यातूनच पुढे शिकायला वायमारला आले, येनाच्या एका मुलीशी लग्न केलं, तिला घेऊन दार-ए-सलामला गेले, आणि तिथल्या नगररचना कार्यालयात आयुष्य काढलं. म्हातारपणी ती आजारी पडली, तिला आपल्या बहिणीजवळ राहायचं होतं, म्हणून दोघं इथे आली. ती गेली. बहीणही गेली. आणि म्झे ज्या इमारतीचे नकाशे तरुणपणी आफ्रिकेत काढत होते, तिच्याच जुळ्या भावंडात तळमजल्यावर एकटे उरले.

"पण तिथे काय झालं माहितीये?" ते सांगायचे. "लोक राहायला आले आणि आठवड्याभरात प्रत्येक दाराशी बराझा बांधला. सिमेंटचा, दगडाचा, मिळेल त्याचा. नकाशात नव्हता. जर्मन इंजिनियर म्हणाला, हे काय? मी म्हटलं, ही इमारतीची राहिलेली खोली."

बराझा म्हणजे आपला ओटा. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, जाणाऱ्या-येणाऱ्याकडे तोंड करून. मी त्यांना आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या कट्ट्याबद्दल सांगितलं. त्यावर संगमरवराची पाटी होती, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. हे ते मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे आणि प्रत्येक वेळी तितकेच हसायचे. "म्हणजे त्यावर बसायचं असेल तर आधी मरायचं?"

"नाही, नाही. बसतात दुसरे."

"आणि मेलेला माणूस?"

"त्याला कट्टा बसवायला सोसायटीने परवानगी दिलेली असते. त्याच्या मुलांना."

"तुमच्याकडे मेल्यावरही परवानगी लागते," ते गंभीरपणे म्हणाले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले.

इथे एक सांगायला हवं. माझे वडील त्या सोसायटीचे कित्येक वर्षं सेक्रेटरी होते. गॅलरीतली तुळशीची कुंडी डावीकडून उजवीकडे न्यायची तरी लोक त्यांच्याकडे अर्ज घेऊन यायचे, आणि ते तो वाचून, चष्मा पुसून, 'हरकत नाही' असं लिहायचे. माझ्या बालपणातले सगळ्यात आनंदाचे दोन शब्द तेच. त्या घरातून निघून मी जर्मनीत आलो. म्हणजे मासा विहिरीतून निघून तळ्यात आला.

म्झे चित्रं काढायचे ती बेकरीच्या कागदी पिशव्यांवर. सुताराची जाड पेन्सिल, आणि चित्रात इमारत नाहीच. फक्त तिची सावली. दुपारची, चारची, संध्याकाळची. "इमारत आर्किटेक्टची असते," म्हणायचे, "सावली लोकांची." मी त्यांना एकदा गावात घेऊन गेलो, जानेवारीत. आभाळ पितळेच्या न घासलेल्या भांड्यासारखं. गावात एक उंच गोल काचेचा मनोरा आहे, त्याच्या पायथ्याशी ते बराच वेळ उभे राहिले आणि जमिनीकडे बघत राहिले.

"काय शोधताय?"

"सावली."

"ऊन कुठाय म्झे!"

"तेच. इथे काच लावली तर मी समजू शकतो. यांना ऊन आत ओढायचंय. पण आमच्याकडेही आता हेच चाललंय. बाहेर भाजून निघतंय, आणि काचेचा डबा उभा करतात, मग तो गार करायला यंत्रं लावतात, मग यंत्रांची गरम हवा रस्त्यावर सोडतात. आणि रस्त्यावर कोण? मक्याची कणसं भाजणारी बाई. तिला आधीच निखाऱ्यांची ऊब कमी होती जशी काही."

दार-ए-सलामबद्दल ते बोलायला लागले की मला त्यांचं वय दिसायचं नाही. नवीन बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध काढलेली वेगळी मार्गिका, तिच्या थांब्याबाहेर उन्हात प्रवाशांची वाट बघणारे मोटारसायकलवाले, आंब्याच्या झाडाखालचं केशकर्तनालय. आरसा झाडाला, खुर्ची मुळांवर. एक अख्खा मोहल्ला असा होता जिथे रस्त्याचं वळण त्यांनी नकाशात सरळ केलं होतं आणि लोकांनी चालून चालून पुन्हा वाकडं केलं.

त्यांची स्वतःची फजितीही ते सांगायचे, म्हणून तर माझं त्यांच्याशी जमलं. त्यांनी तरुणपणी एक मंडई बांधली होती. वारा खेळावा म्हणून उंच छप्पर, आत ओळीने ओटे. उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी बघायला गेले तर आत कोणी नाही, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. टोमॅटो, सुके मासे, चपला, सगळं पायऱ्यांवर. "मी चार दिवस रुसून बसलो," ते म्हणाले. "मग गेलो, एका पायरीवर बसलो. तिथे वारा होता. आत नव्हता. पुढच्या मंडईत मी पायऱ्याच तिप्पट रुंद केल्या. साहेब म्हणाला, याला मंजुरी कुणाची? मी म्हटलं, बसतील त्यांची."

तर ओटा. तो त्यांनी बायको गेल्यानंतरच्या वसंतात बांधला. कुठल्याशा कामावरून उरलेल्या पांढऱ्या विटा, वर एक जाड ओकची फळी, दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकून. मी मदतीला होतो. मदत म्हणजे, मी लॅबमधलं लेझरचं अंतर मोजायचं यंत्र आणलं आणि फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर वर आहे असं जाहीर केलं.

"आणि पुढच्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"पुढे चांगली बोटभर खाली आहे! चुकलंय म्झे."

"पाऊस पडला की पाणी कुठे जाईल, फुंडी?"

मी यंत्र बंद केलं.

रोज दुपार कलली की म्झे पितळेची कॉफीदाणी आणि कानाच्या पाळीएवढ्या कपांचा ट्रे घेऊन बाहेर यायचे. दोन कप एकाच हातात धरून एकमेकांवर वाजवायचे. टिक-टिक-टिक. त्यांच्याकडे फिरते कॉफीवाले असे कप वाजवत जातात आणि गल्ली गोळा होते. इथे पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, की काही फुटलं का.

या बाई आयुष्यभर रेल्वेत होत्या. दाराशी कोणी उभं राहिलेलं त्यांना चालायचं नाही. "इथे काय स्टेशन आहे का?" असं त्या वरून ओरडायच्या. म्झे टोपीला हात लावून वर बघायचे आणि "करिबू!" म्हणायचे, म्हणजे या, बसा. खिडकी बंद व्हायची.

कॉफी प्यायला कोण यायचं? पार्सलवाला, पण गाडी चालू ठेवून. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर, पण उभ्याने, हातात किल्ल्यांचा जुडगा वाजवत. आणि मी. मी तर रोज यायचो. पण मीही कधी नीट बसलो नाही. एक मांडी फळीवर, दुसरा पाय जमिनीवर, पाठीला लॅपटॉपची पिशवी. "बस," ते म्हणायचे. "आल्झो, म्हणजे, जरा घाईत आहे." "कुठे जायचंय?" वर जायचं असायचं. वर फ्रीज असायचा.

बऱ्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या त्या छोट्या खिडकीतून खाली बघायचो तर ओट्याच्या एका टोकाला म्झे बसलेले असायचे. मध्ये नाही, टोकाला. बाकी सगळी फळी मोकळी सोडून. कपांची टिकटिक व्हायची, मग थांबायची. मग ते भरलेले कप एकेक करून स्वतः प्यायचे, जणू पाहुणे पिऊन गेले.

अशात एकदा जिन्यात मला तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या आणि ओट्याकडे बघून नुसतं "हाउसऑर्डनुंग" एवढंच म्हणाल्या. म्हणजे इमारतीचे नियम. एकच शब्द. या तक्रार करणार, कंपनीची माणसं येणार, म्झेंचा ओटा जाणार. त्यांच्याकडे दुसरं आहे काय? आणि मग मला वडिलांची आठवण झाली आणि एक झकास कल्पना सुचली. आपण आधीच रीतसर परवानगी काढून ठेवावी. म्झेंचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी 'हरकत नाही' असा कंपनीच्या शिक्क्याचा कागद फ्रेम करून त्यांना द्यावा. मी मेल लिहिला. तीनदा वाचला. पाठवला. त्या रात्री मला फार छान झोप लागली, हे मुद्दाम नोंदवतो.

उत्तर आलं. ओटा फ्लुख्टवेगमध्ये, म्हणजे आग लागली तर लोकांनी पळायच्या वाटेत येतो. काढावा लागेल. शेवटी, ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल माझे मनःपूर्वक आभार.

मी कंपनीत फोन केला. म्हटलं, कुणी तक्रार केली असेल तर मी त्यांच्याशी बोलतो. पलीकडचा माणूस सज्जन होता. "तक्रार कुणाचीच नाही हो, हेर डॉक्टर," तो म्हणाला. "आम्हाला ओटा माहीत होता. पण तुम्ही लेखी विचारलंत. आता आम्हाला लेखी माहीत आहे."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग तू का विचारलंस?"

म्झेंना सांगायला मी खाली गेलो. दाराबाहेर उभा राहून होडी म्हटलं. आवाज फुटला नाही, म्हणून तीनदा म्हणावं लागलं. त्यांनी कंपनीचं उत्तर वाचलं. मग माझं चित्र बघितलं, बराच वेळ.

"हे तू काढलंस?"

"हो."

"फळीचा उतार उलटा दाखवलायस. या चित्रातलं पाणी भिंतीत जाईल."

एवढंच. मग त्यांनी मला कॉफी दिली. मी बसलो. घरात, खुर्चीवर.

ओटा तोडायला हाउसमाइस्टर आला तो हातोडा पाठीमागे धरून, पोरानं चोरून आणलेला आंबा धरावा तसा. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. म्झेंनी आधी त्याला बसवलं. कप वाजवले. तो बसला, पहिल्यांदाच, किल्ल्या बाजूला ठेवून. पार्सलवाला आला, त्याने गाडी बंद केली. दुसऱ्या दारातलं एक जोडपं, जे मी कधी बघितलंही नव्हतं, येऊन उभं राहिलं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. हातात उशी.

"मला इथे कधी बसायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. फळीवर उशी ठेवली आणि बसल्या. मांडीवर हात ठेवून, गाडीची वाट बघावी तशा.

ओटा भरला. इतकी माणसं त्यावर कधीच बसली नव्हती. मला जागा उरली नाही. म्झे मध्ये होते आणि झांझिबारच्या इमारतींची गोष्ट सांगत होते, आणि रेल्वेतल्या बाई म्हणत होत्या, "हो, हो, ती खिडकी! ती खिडकी लहानच आहे!" तीनदा भरलेली कॉफीदाणी संपली. मग सगळे उठले आणि हाउसमाइस्टरने विटा फोडल्या. म्झेंनी फळी बाजूला घेतली, फडक्याने पुसली आणि मला दिली. "शेल्फ कर," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काही दिवस जिन्याच्या तळाशी घडीची खुर्ची टाकून बघितली. पण जिन्यात माणसं येतात ती ठरावीक वेळाने आपोआप जाणारा दिवा बंद व्हायच्या आत वर पोहोचायला. कपांची टिकटिक काँक्रीटमध्ये घुमायची आणि ती ऐकून कोणी खाली यायच्या आधी दिवा जायचा. हिवाळा आला. दोन्ही टोप्या चढल्या. मग एक दिवस म्हणाले, की दार-ए-सलामला भाचीकडे जातोय. तिने अकराव्या मजल्यावर नवीन घर घेतलंय.

"कशी आहे इमारत?"

"काचेची," म्झे म्हणाले, आणि मला विषय बदलावासा वाटला.

ते गेल्यावर ओट्याच्या जागी फरशीवर एक फिकट लांबट ठसा राहिला. पाऊस पडला की तो अजून उठून दिसतो. फळीचं मी शेल्फ केलं, त्यावर बूट ठेवतो. मध्यंतरी रेल्वेतल्या बाईंनी दाराशी उभं राहून मला विचारलं, की म्हाताऱ्याचं काही कळलं का, आणि मी नाही म्हटल्यावर आम्ही दोघं तिथे जरा वेळ उभेच राहिलो. त्यांनी स्टेशनचं काही काढलं नाही.

परवा म्झेंचा व्हिडिओ कॉल आला. मी कामावरून येऊन दारापाशीच पोहोचलो होतो. पडद्यावर आधी नुसती टोपी. एकच टोपी. मग चेहरा, वाळलेला, पण दात सगळे हसणारे.

"फुंडी! बस, बस, बसून बोल."

मी इकडेतिकडे बघितलं. "कुठे बसू, म्झे?"

ते तिकडचं सांगायला लागले. भाची सकाळी जाते ती संध्याकाळी येते. लोक लिफ्टमधून थेट गाडीत, गाडीतून थेट लिफ्टमध्ये. कोणी कुणाला दिसत नाही. काच उघडत नाही. पहिला महिना ते वरून रस्त्याकडे बघत बसले, मुंग्यांकडे बघावं तसं. मग एक दिवस कॉफीदाणी घेऊन खाली आले आणि फाटकाशी इमारतीच्या सावलीत बसले. रखवालदाराने उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुन्हा उठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कप वाजवले तर रस्त्यापलीकडचा मोटारसायकलवाला आला, मग दुसरा, मग रखवालदार स्वतःच त्याची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. आता तिथे सिमेंटचे दोन ठोकळे आहेत आणि वर एक फळी. उतार बाहेरच्या बाजूला. "बघ," म्हणून त्यांनी फोन फिरवला. कडक ऊन, काचेची भिंत, तिच्या पायाशी सावलीचा एक अरुंद पट्टा, आणि त्या पट्ट्यात दाटीवाटीने पाच-सहा माणसं. हेल्मेटं मांडीवर, हातात कानाच्या पाळीएवढे कप.

मला भरून आलं. खरंच आलं. म्हणायचं होतं, म्झे, फार छान. पण तोंडातून निघालं, "म्झे, पण इमारतीच्या कमिटीला विचारलंत ना?"

पडदा थरथरायला लागला. ते हसत होते. हसता हसता खोकले, आणि मग बाजूला वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. सगळा ओटा हसला. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हातून. माझी गोष्ट तिथे आधीच सांगून झालेली होती तर. मग खाकी टोपीतला रखवालदार पडद्यात वाकला. त्याने मला निरखून बघितलं. दारापाशी पिशवी पाठीला लावून उभा असलेला मी, आणि माझ्यामागे रिकामी भिंत.

"ज्याने विचारलं होतं तो हाच का?" त्याने इंग्रजीत म्झेंना विचारलं.

"हाच," म्झे म्हणाले.

रखवालदाराने आणखी जरा बघितलं.

"दिसतोच तसा."